एका दुपारचा हंगाम

परवा पेपरातलं खेळाचं पान चाळत होते. मी काही त्या पानाची नेहमीची वाचक नव्हे, पण चष्मा डोळ्यांवर असला आणि चहा यायला वेळ असला की माणूस काहीही वाचतो. शालेय बास्केटबॉल स्पर्धेची बातमी होती. जिंकलेल्या मुलींचा फोटो, मागे त्यांचे क्रीडाशिक्षक, कडेला हसरे पदाधिकारी. खाली बारीक अक्षरात निकाल. पहिल्या फेरीत एका शाळेनं दुसरीला ४४-२ असं हरवलेलं.

त्या दोनवर माझं बोट थांबलं ते थांबलंच.

ते दोन गुण कुणी केले असतील? त्या मुली पहाटे कुठल्या गाडीनं निघाल्या असतील? डबा सामन्याआधी खाल्ला असेल की नंतर? हरलेल्या संघाचा फोटो कधी छापून येत नाही, त्यामुळे कळायला मार्ग नाही. पण मला थोडंफार कळतं, कारण त्या दोनवाल्या बाजूच्या बाकड्यावर मी बसलेली आहे. घरच्यांना ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. सुनेनं तर ‘आईंचं बास्केटबॉल पुराण’ असं नावच ठेवलंय. तर मंडळी, आज पुराण सबंध सांगते, आणि त्यातून माझं जे मत झालंय तेही.

मी मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. बी.ए. झाले १९७२ ला, दुष्काळाच्या साली, मराठवाडा विद्यापीठातून. (विद्यापीठाच्या नामविस्ताराला तेव्हा अजून बावीस वर्षं होती, आणि शहराचं नाव औरंगाबाद होतं.) खेळाशी माझा संबंध सागरगोट्यांपुरता. पण मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत बाई हवी, आणि आमच्या हायस्कुलात आम्ही दोघीच बाया. दुसरीचं मूल तान्हं. झालं, मी संघाची व्यवस्थापक!

गाव तालुक्यापासून बरंच आत. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. १९८५ साली आमच्याकडे पीटीचे नवे सर आले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकला जाऊन कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवून आलं होतं, हे ते आल्या आल्या आम्हाला सांगायचे आणि नंतरही अधूनमधून सांगायचे. आमच्या गावात कबड्डी होती, खो-खो होता. सरांच्या डोक्यात मात्र बास्केटबॉल. त्यांनी गावच्या लोहाराकडून सळई वाकवून दोन रिंगा करून घेतल्या, जुन्या बाकांच्या फळ्या ठोकून बोर्ड केले, जाळी सुतळीची विणली. दहा फुटांचं माप त्यांनी शिडीवर चढून तीनदा घेतलं. मैदान मुरमाचं. पाऊस पडला की चेंडू टप्पा घेईना, जिथं पडेल तिथं रुतून बसायचा. यावर सर पुन्हा बर्लिनवर येत. त्याच ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा खेळला गेला, आणि अंतिम सामना उघड्यावर, भर पावसात, चिखलात झाला. अमेरिकेनं कॅनडाला हरवलं ते १९-८ असं. चिखलात जगज्जेत्यांचे एकोणीस गुण होत असतील तर तुम्ही कशाला रडता, असा एकंदर सूर.

मुली शाळेच्या सलवार-कमीजवर खेळत. ओढणी कमरेला करकचून बांधायची. पुढे बनियनच्या कापडाचे टी-शर्ट शिवले आणि त्यावर मी स्वतः रंगानं आकडे काढले. मी एकपासून सुरुवात करणार तेवढ्यात सरांनी थांबवलं. तेव्हा बास्केटबॉलमध्ये आकडे चारपासून सुरू व्हायचे. पंच एक, दोन, तीन बोटं दाखवून गुण सांगतो, त्यात गल्लत नको म्हणून. त्यामुळे आमच्या दहा मुली चार ते तेरा. आज मला त्यांची नावं आठवतात तशी ते आकडेही आठवतात. इथे आकडेच लिहिते. त्या आता चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, लेकीसुनांच्या बायका आहेत, त्यांना विचारल्याशिवाय नावं कशी लिहू?

१९८६ साली आम्ही पहिल्यांदा जिल्ह्याला उतरलो. तालुक्यात दुसऱ्या कुठल्याच शाळेचा मुलींचा संघ नव्हता, त्यामुळे थेट जिल्हा. पहाटेची एसटी, दोन मुलींना गाडी लागली. शहरातलं ते सिमेंटचं मैदान पाहूनच आमच्या पोरींचे पाय जड झाले. समोरचा संघ इंग्रजी शाळेतला, पायात बूट, आपसात खुणांनी बोलणारा. सामना वीस-वीस मिनिटांचे दोन भाग. आम्ही ३६-४ असे हरलो. साडेअकराला सुरू झालेलं आमचं वर्ष साडेबाराला संपलं होतं.

मध्यवर्ती बसस्थानकावर बसून आम्ही चपात्या आणि ठेचा खाल्ला. नऊ नंबर ठेचा तिखट असल्याच्या निमित्तानं रडून घेत होती. अकरा नंबर दहावीतली, सगळ्यांत समजूतदार. तिनं मला विचारलं, “बाई, आता पुढची मॅच कधी?”

मी म्हटलं, “पुढच्या वर्षी.”

ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी ती शाळेत असणार नव्हती. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नातून निघालेलं आहे. आपल्याकडे शालेय स्पर्धांचा पसारा केवढा मोठा आहे! तालुका, जिल्हा, मग राज्यातल्या आठ विभागांपैकी आपला विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे मुलगे आणि मुली. शालेय खेळांचा राष्ट्रीय महासंघ १९५४ पासूनचा. कागदावर शिडी अगदी भक्कम आहे. पण सांघिक खेळांत बहुतेक सामने बाद पद्धतीचे. हरलात की घरी. मी गणिताची बाई नव्हे, तरी एवढा हिशेब येतो: सोळा संघ असतील तर पंधरा सामने होतात, आणि आठ संघ एकच सामना खेळून परत जातात. आणखी चार दोन सामने खेळून. म्हणजे सोळापैकी बारा शाळांचा वर्षाचा खेळ दोन सामन्यांच्या आत आटोपतो. एरवी सराव आहे म्हणतात, पण दहावीच्या वर्गात पीटीचा तास कुणाच्या पदरात पडतो हे शिक्षकांना सांगायला नको. (मीही घेतलेले आहेत. इतिहासाचा पोर्शन राहायचा हो!)

आपण त्याला क्रीडा हंगाम म्हणतो. शेतकऱ्याच्या तोंडी हंगाम शब्द येतो तेव्हा त्यात नांगरटीपासून मळणीपर्यंतचे महिने असतात. एका दुपारला कुणी हंगाम म्हणत नाही.

आता १९८७. जिल्ह्याहून परत आल्यावर सर आठवडाभर गप्प होते. मग त्यांनी एक उद्योग काढला. पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत रिंग असलेल्या आणखी दोन शाळा त्यांनी शोधल्या. एक साखर कारखान्याच्या वसाहतीतली आणि एक वसतिगृहाची. तिन्ही शाळांनी ठरवलं की शनिवारी सकाळची शाळा असते, तर दुपारी खेळायचं. प्रत्येकीनं प्रत्येकीशी दोनदा, एकदा आपल्या गावात आणि एकदा त्यांच्या. सहा शनिवार, सहा सामने, प्रत्येक संघाच्या वाट्याला चार. चषक नाही, प्रमाणपत्र नाही, पाहुणे नाहीत. आमच्या हेडसरांचा आक्षेप तेवढ्यासाठीच होता. पाहुणे नाहीत तर सामने कसले?

पहिला सामना कारखान्याच्या वसाहतीत. हरलो, २२-६. दुसरा वसतिगृहाशी, आमच्या मैदानावर. फक्की मारली, पाण्याचा माठ ठेवला, वर्गातले बाक बाहेर काढले. त्या वर्षी आमच्या भागात पावसानं ओढ दिली होती. मैदान कोरडं, चेंडूला टप्पा छान. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की रानात काम नव्हतं आणि माणसं पारावर बसून होती. शाळेत शिट्टी वाजायला लागली तशी एकेक करून कुंपणाशी आली. शंभरेक तरी असतील. आणि त्यांत सात नंबरचे वडील.

सात नंबर नववीत. बारीक, काटक, हरणासारखी पळणारी. तिच्या वडिलांना पोरगी ‘चेंडू खेळते’ एवढंच माहीत होतं आणि ते त्यांना मुळीच पसंत नव्हतं. परगावी न्यायची परवानगी मी दोनदा घरी जाऊन, चहा पिऊन, शब्द देऊन मिळवली होती. आता ते कुंपणाला टेकून उभे. माझ्या पोटात गोळा. हिला ओढून नेतात की काय!

तो सामनाही आम्ही हरलो, १४-११. पण सात नंबरनं त्यातले सात केले. शेवटी ती धापा टाकत माठाशी गेली तर वडील तिथंच. तिनं मान खाली घातली. त्यांनी ओगराळं उचललं, तिला पाणी वाढलं आणि मला म्हणाले, “बाई, पोरगी एवढी पळायलीय आन् तुमी हिला शेवटाला बसवलं व्हतं जरा वेळ, ते कशाला?”

दमली होती हो ती! पण मी वाद घातला नाही.

तिसरा सामना जिंकलो, कारखान्याच्या पोरींना आमच्या गावात हरवून. गावानं त्या रात्री काय गोंधळ घातला ते विचारू नका. चौथा वसतिगृहाकडे, एका गुणानं हरलो. या चौथ्या सामन्याला सात नंबरचे वडील दुसऱ्या दोघांना घेऊन सायकलीवर आले होते, परगावी.

आणि जिल्हा? जिल्ह्याला त्या वर्षीही पहिल्याच फेरीत हरलो. कुणाला वाटेल आता बाई सांगणार की अजिंक्यपद मिळालं. नाही मिळालं. २४-१८ असा निकाल होता. पण परतीच्या गाडीत कुणी रडलं नाही, नऊ नंबरसुद्धा. शहरातल्या पोरींची उजवी बाजू कच्ची आहे, यावर वादावादी चालली होती. सात नंबरनं विचारलं, “बाई, कारखानावाल्यांना पुन्हा कधी बोलवायचं?”

पुढच्या वर्षी सरांची बदली झाली. मी प्रयत्न केला, पण मला शिट्टीसुद्धा धड वाजवता येत नव्हती. रिंगा पुढे बरीच वर्षं होत्या, मुलं त्यांवर दप्तरं अडकवायची.

दुसरं टोक मी पाहिलं ते निवृत्तीनंतर. २०१२ च्या हिवाळ्यात लेकीकडे गेले होते, अमेरिकेत इंडियाना राज्यात, एका लहानशा गावी. नातू तेव्हा तिथल्या हायस्कुलात नववीला. बाहेर हातभर बर्फ, आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव शाळेच्या व्यायामशाळेत. न्हावी, दुकानदार, ज्यांची मुलं कधीच शाळा सोडून गेलीत असे माझ्यापेक्षा म्हातारे आजी-आजोबा, सगळे. नोव्हेंबर ते मार्च, वीसपेक्षा जास्त सामने, निम्मे आपल्या गावी. हरले तर पुढच्या शुक्रवारी पुन्हा आहेच! शेजारच्या आजोबांनी मला पहिल्याच दिवशी मायलनची गोष्ट ऐकवली. १९५४ साली मायलन नावाच्या खेड्यातल्या एकशे एकसष्ट विद्यार्थ्यांच्या शाळेनं मन्सी सेंट्रल या बड्या शाळेला राज्याच्या अंतिम सामन्यात ३२-३० असं हरवलं. शेवटची टोपली बॉबी प्लंप नावाच्या मुलाची. त्यावरून १९८६ साली सिनेमाही निघाला. आजोबा सांगत होते तसं, की जणू ते स्वतः पंच होते. माझ्या मनात आलं, १९८६ म्हणजे आमचं ३६-४ चं वर्ष.

पण तिथलं सगळं सोन्याचं, असं मी म्हणणार नाही. तिथं एक बाप पंचावर असा ओरडत होता की माझ्या इंग्रजीलाही सगळं कळलं. माझा नातू पूर्ण हंगामात मोजून काही मिनिटं मैदानावर उतरला, उरलेला वेळ बाकावर टॉवेल सावरत बसून. मुलींच्या सामन्याला गर्दी निम्मीही नसे. आणि दर आठवड्याला एवढा गाजावाजा म्हटल्यावर पंधरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर ओझं किती! तेवढं मला आपल्याकडे नकोच आहे.

मला हवं आहे ते त्याहून फार कमी. आणि गंमत म्हणजे या खेळाची सुरुवातही अशीच कमीतच झाली. जेम्स नायस्मिथ हाही व्यायामशिक्षकच. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड गावी, थंडीत घरात कोंडलेल्या दांडगट वर्गाला गुंतवायचं म्हणून त्यानं पीचची फळं ठेवायच्या दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहिले आणि अठरा जणांचे दोन संघ केले. निकाल काय, तर १-०! १८९३ साली सेंडा बेरेन्सन या बाईंनी स्मिथ कॉलेजात मुलींचा सामना भरवला तेव्हा पुरुषांना आत सोडलं नव्हतं. मुली पळताना दिसू नयेत म्हणून. हे वाचलं तेव्हा मला सात नंबरचे वडील आठवले. कुंपण होतं म्हणून बरं झालं, भिंत असती तर त्यांनी पाहिलंच नसतं.

माझ्या मते नुसत्या सामन्यांच्या संख्येइतकाच, किंबहुना जास्तच, महत्त्वाचा भाग हा आहे. बाद फेरीचा सामना नेहमी दुसरीकडे होतो, शहरात, कामाच्या दिवशी. खेड्यातल्या आईबापांनी आपली मुलगी खेळताना कधी पाहिलेलीच नसते. त्यांच्यापर्यंत पोचतं ते एवढंच की पोरगी दिवसभर बाहेर होती आणि हरून आली. मग दहावी आली की पहिली काट खेळावर. क्रीडागुणांची सोय आहे, परीक्षेत जास्तीत जास्त पंचवीस गुण वाढीव मिळू शकतात, पण ते वरच्या पायऱ्या चढणाऱ्यांना. पहिल्या फेरीत हरणाऱ्या मुलीच्या बापाला दाखवायला आपण काय ठेवलंय?

लोक म्हणतात, साखळी सामन्यांना पैसा लागतो, वेळ लागतो. बरं, करूया हिशेब. सोळा संघांचे चार गट केले तर गटांत चोवीस सामने, पुढे उपांत्य दोन आणि अंतिम एक, एकूण सत्तावीस. पंधराच्या जागी सत्तावीस. बारा सामने जास्त, पण प्रत्येक संघाला किमान तीन मिळतात. ते जिल्ह्याच्या ठिकाणी जमत नसेल तर मी हट्ट धरत नाही. स्पर्धा भरवणाऱ्यांचीही धावपळ मी पाहिलेली आहे, एका मैदानावर तीन वयोगट रेटायचे असतात बिचाऱ्यांना. पण शनिवारची दुपार कुणी अडवली आहे? त्याला ना शासन निर्णय लागतो ना अनुदान. मोठ्या माणसांना आपण हे सगळं देऊ केलंच ना? प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली. २०२४ च्या हंगामात बारा संघांपैकी प्रत्येकानं नुसत्या साखळीतच बावीस सामने खेळले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. टीव्हीसमोर मी टाळ्या वाजवल्या. पण वरच्या मजल्यावर एवढी रोषणाई आणि खालच्या मजल्यावरच्या पोरींना वर्षाला एक दुपार, हे मला पचत नाही.

हल्ली मी गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात फिरायला जाते. गुडघे जेवढे चालवतील तेवढं. मुलंमुली खेळत असतात, चांगले बूट, चांगले चेंडू. मी बाकड्यावर बसून बघते. आमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात रिंग असलेल्या पाच शाळा मी मोजल्या आहेत. त्यांतल्या दोघींच्या मुख्याध्यापकांना गेल्या महिन्यात जाऊन भेटले. एकांनी चहा पाजला आणि “बघू या, बाई” म्हणाले. शिक्षकी पेशात ‘बघू या’चा अर्थ काय ते मी छत्तीस वर्षं जाणून आहे. दुसऱ्या मुख्याध्यापिका तरुण आहेत. त्यांनी विचारलं, बसची जबाबदारी कोण घेणार? म्हटलं, अहो, दहा मिनिटांचा रस्ता आहे, मुली चालत येतील. पालकांची संमतीपत्रं? म्हटलं, पालकांनाच बोलवा की. बसायला बाक काढा आणि पाण्याचा माठ ठेवा.

त्या हसल्या आणि शनिवारी पुन्हा या म्हणाल्या. सात नंबरला फोन करून हे सांगितलं. ती आता वाळूजला असते, तिची धाकटी अकरावीत आहे. म्हणाली, “बाई, मी पण येते सोबत. शिट्टी आहे माझ्याकडे.”